दुर्बिणीतली दोन पिल्लं

मोल्टन, ९ मार्च

प्रिय तेता,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. तुझी भाचसून डोना म्हणते, आत्याला पत्र लिहिणारा सबंध टेक्ससमध्ये मी एकटाच उरलोय. म्हणू दे तिला.

डुकरांनी नदीकाठचा मका पुन्हा उकरला. नुकताच पेरला होता. त्यांची रीत तुला ठाऊक आहे, ओळ धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात आणि दाणा न् दाणा वेचतात. माझं पेरणीयंत्रसुद्धा इतकं सरळ चालत नाही.

लुमिर येतो कुत्री घेऊन. इतकी वर्षं त्याने शेजारधर्म म्हणून आपलं शेत राखलं, कधी काही मागितलं नाही, हे मी विसरलेलो नाही. पण त्याचं वय झालं आणि कुत्र्यांचंही झालं. ती एका डुकराला घेरून भुंकत राहतात, आणि लुमिर धापा टाकत पोचेपर्यंत बाकीचा कळप माझ्या मक्यात.

आता मुद्द्याचं. पशुखाद्याच्या दुकानातला मेल्विन रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी विकायला लागलाय, रायफलवर बसवायच्या. दोन प्रकार आहेत. एकीत न दिसणारा दिवा असतो आणि सगळं करड्या फोटोसारखं दिसतं, पण फार लांबचं नाही. दुसरी अंगातली ऊब दाखवते. गवत, झुडूप, धुकं काही आड येत नाही, जिवंत प्राणी तेवढा पांढरा चमकतो. मेल्विनने ही दुसरी मला वापरून बघायला दिली आहे. स्वस्त नाही. शेत तुझं, मी नुसता कसणारा, तेव्हा तुझ्या होकाराशिवाय घेणार नाही. घ्यावी का, सांग.

तुझा,
गिल्बर्ट

•

व्हिक्टोरिया, १४ मार्च

प्रिय गिल्बर्ट,

तुझ्या बापाला भर दुपारी गोठ्याचं दार सापडायचं नाही, आणि तू रात्री बघायला निघालास. प्रगती आहे.

मेल्विन काय सांगतो ते मला लिहू नकोस. त्याच्या आजोबाने माझ्या वडिलांना अंडी न देणाऱ्या कोंबड्या विकल्या होत्या. तू स्वतः बघ आणि मग सांग. मला एकच गोष्ट कळली पाहिजे, त्या दुर्बिणीत कान दिसतात का? हरणाच्या शिकारीला वडील आम्हाला घेऊन बसायचे, तेव्हा चापावर बोट ठेवायच्या आधी विचारायचे, "कान कुठे आहेत, दाखव." कान दाखवता आले नाहीत तर रायफल काढून घ्यायचे. तुलाही मीच शिकवलंय ते. नुसतं पांढरं चमकतं म्हणजे काय? पांढरा तर आमचा इथला स्वयंपाकीही आहे.

लुमिरच्या कुत्र्यांना म्हातारी म्हणू नकोस. तो दर रविवारी इथे वृद्धाश्रमात बहिणीला भेटायला येतो, तेव्हा माझ्यासाठी खसखशीचे कोलाचे, आपले ते गोड पाव, आणतो. तू कधी आणलेस? त्यातल्या पर्लबद्दल तर तो मुलीबद्दल बोलावं तसा बोलतो. तिला नवं जाड जाकीट शिवून घेतलंय म्हणे, डुकराचे सुळे लागू नयेत म्हणून. माझ्या हिवाळी कोटापेक्षा भारी आहे.

एकदा नीट वापरून बघ आणि लिही. मग ठरवू.

तेता अल्बिना

•

मोल्टन, १८ मार्च, रात्री

प्रिय तेता,

आत्ताच शेतावरून आलोय, बूटसुद्धा काढले नाहीत. स्वयंपाकघरात बसून लिहितोय, कारण उद्यापर्यंत थांबवत नाही.

घ्यायचीच. दुसरा विचार करू नकोस.

पेकानच्या झाडाला टेकून बसलो होतो. फोन बंद करून गाडीतच ठेवला, त्याच्या उजेडाने डोळे दिपतात. समोर काळं कुट्ट. साध्या डोळ्यांनी स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि दुर्बिणीला डोळा लावला की सशापासून घुबडापर्यंत सगळं रान जागं. मग नदीकडून डुकराची दोन पिल्लं आली. एकामागे एक, मध्ये थोडं अंतर. काय शिस्त त्यांची, तेता! एक थांबलं की दुसरं थांबायचं, एक वळलं की दुसरं वळायचं. नाक खाली घालून माझ्या मक्याच्या ओळीतून सरळ येत होती. मी पुढच्यावर नेम धरला.

एका गोळीत दोन्ही पडली. अगदी एकदम. बाबा असते तर विश्वास ठेवला नसता.

कानांचं म्हणशील, तर हिच्यात कान बघायची गरजच पडत नाही. ऊब दिसते म्हणजे दिसते. पिल्लं सकाळी उचलून आणीन, आत्ता त्या चिखलात कोण जाणार. मेल्विनला हो म्हणून सांगू ना?

गिल्बर्ट

•

व्हिक्टोरिया, २४ मार्च

प्रिय गिल्बर्ट,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. आमचं टेबल म्हणजे काय, एकाला ऐकू येत नाही, दुसरीला आठवत नाही. पण "एका गोळीत दोन्ही" म्हटल्यावर सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. मिसेस विक आता मला शिकाऱ्याची आत्या म्हणते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण बातमी वाईट आहे. काल लुमिर आला तो कोलाचे न घेताच. पर्ल हरवली. मंगळवारी रात्री त्याने कुत्री सोडली होती. बाकीची डोंगरीकडे गेली आणि ही एकटी नदीकडे. तिच्या गळ्यात तो पट्टा असतो ना, कुत्रं कुठे आहे ते लुमिरच्या हातातल्या यंत्रावर दाखवणारा. रात्रभर काहीच दाखवलं नाही, मध्ये झाडी आहे म्हणून. सकाळी तो नदीवर गेला तेव्हा पाण्यातून खूण आली, आणि ती खाली खाली सरकत होती. म्हणजे ती पोहत होती, असं तो म्हणतो. मग खूण बंद पडली. बहिणीच्या खाटेशी बसून म्हातारा रडला रे.

तुझ्या फोनवर त्याने निरोप ठेवला होता, पण तू झोपला असशील, फोन बंद होता, असं म्हणाला. मी काही बोलले नाही. तू शिकारीला गेला होतास हे कळलं असतं, तर आपल्या कुत्र्यांवर तुझा भरवसा उरला नाही असं त्याला वाटलं असतं. म्हणूनच तू सांगितलं नाहीस ना? मनाचा मोठा आहेस.

आता असं कर. ती दुर्बीण ऊब दाखवते ना? मग ती घेऊन लुमिरबरोबर जा आणि पर्लला शोध. कुठे झाडीत जखमी होऊन पडली असेल तर तुलाच दिसेल. तेवढ्यासाठी जरी तिचा उपयोग झाला, तरी मी घ्यायला हो म्हणेन.

तेता

•

मोल्टन, ३१ मार्च

प्रिय तेता,

तू सांगितलंस तसा लुमिरबरोबर गेलो. दोन्ही काठ बघितले, खालच्या पुलापर्यंत. काही सापडलं नाही.

मका पुन्हा पेरला. पाऊस नाही.

दुर्बिणीचं अजून ठरत नाहीये. घाईघाईत लिहिलं होतं मी. ते पत्र आता कुणाला वाचून दाखवू नकोस, त्यात विशेष काही नाही.

गिल्बर्ट

•

व्हिक्टोरिया, ८ एप्रिल

प्रिय गिल्बर्ट,

तुझं पत्र म्हणजे पावती झाली, पत्र नाही. पण लुमिरने सगळं सांगितलं. तू रात्र रात्र त्याच्याबरोबर नदीकाठी फिरलास, हाका मारून तुझा घसा बसला, तो पाण्यात उतरला तेव्हा तू काठावरून त्याच्या कमरेचा पट्टा धरून उभा राहिलास. "अल्बिना, सख्खा मुलगा इतकं करत नाही," असं म्हणाला. तिथेच त्याला खोकला धरलाय, अजून जात नाही. तरी रोज सकाळी नदीवर जातो. ती पोहत होती म्हणजे कुठेतरी काठाला लागली असेल, हे त्याच्या डोक्यातून निघत नाही.

आता गोड बातमी. पर्लच्या मुलीला पिल्लं झालीत, ईस्टरपर्यंत आईचं दूध सुटेल. त्यातली पहिली निवड, म्हणजे सगळ्यात उमदं पिल्लू, लुमिरने तुझ्यासाठी ठेवली आहे. आजवर त्याने पहिली निवड कुणाला दिलेली मला आठवत नाही, तुझ्या बापालाही दिली नव्हती. ईस्टरला तू, डोना आणि लुमिर तिघेही इथे जेवायला या. तो पिल्लू घेऊन येणार आहे. मी म्हटलं, गिल्बर्ट या मानाला लायक आहे.

आणि दुर्बिणीचं तू का लांबवतोयस? इतका तर नाचत होतास. ती दोन पिल्लं भाजलीत का? मार्चमधलं कोवळं पिल्लू म्हणजे लोणी. हाडं तरी पाठवायचीस. आणि हो, त्यांची आई कुठे होती? एवढी लहान पिल्लं आईला सोडून फिरत नाहीत, हे मला परवा रात्री अंथरुणात आठवलं. म्हातारपणी झोप येत नाही, मग डुकरं आठवतात.

तेता

•

मोल्टन, १६ एप्रिल

प्रिय तेता,

ईस्टरला जमणार नाही. ट्रॅक्टरचं काम निघालंय आणि डोनाच्या आईकडेही जायचं आहे. लुमिरला सांग, पिल्लू नको. मला कुत्र्यांचं काही कळत नाही, त्याचे हाल होतील. दुसऱ्या कुणाला तरी दे म्हणावं. खरंच सांग त्याला.

ती पिल्लं मी आणली नाहीत. गिधाडांना सोडली. आई दिसली नाही, मागे असेल.

दुर्बीण मेल्विनला परत देतोय. माझ्या डोळ्यांना त्रास होतो. विषय संपला असं समज.

गिल्बर्ट

•

व्हिक्टोरिया, २२ एप्रिल

गिल्बर्ट,

ईस्टरला लुमिर आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून. पिल्लू खोक्यात घालून टेबलाखाली ठेवलं होतं, खोक्याला डोनाच्या आवडीची पिवळी रिबीन. तू येणार नाहीस हे त्याला सांगायला माझी जीभ उचलेना. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "शेताची कामं असतात, अल्बिना."

मग पर्लच्या गोष्टी निघाल्या. नवं जाकीट इतकं जाड की थंडीत ती ते घालून झोपली, तर वरून हात ठेवला तरी ऊब लागायची नाही, असं तो सांगत होता. "डोकं गरम, मागचे पाय गरम, आणि मधे जशी काही ती नव्हतीच," असं म्हणाला आणि हसला.

मी चमचा खाली ठेवला. मिसेस विकला वाटलं, जेवण आवडलं नाही.

मी खोलीत येऊन तुझं मार्चचं पत्र काढलं. एक थांबलं की दुसरं थांबायचं. एक वळलं की दुसरं वळायचं. एका गोळीत दोन्ही एकदम. माझी सगळी हयात रायफलीबरोबर गेली, आणि मी ते पत्र सबंध टेबलाला वाचून दाखवलं, हसत हसत. लोकांनी चमचे खाली ठेवले तेव्हा मी मानेनं आभार मानले. तू बघितलं नाहीस ते एक, पण मीही वाचलं नाही. मला माझीच लाज वाटते.

ती गोळी कशी सुटली हे मला समजलं. पट्टा नदीत कसा गेला ते मला समजत नाही. ते तू लिही.

लुमिरला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते काम माझं नाही.

अल्बिना

•

मोल्टन, २६ एप्रिल

प्रिय तेता,

तुझं पत्र खिशात घालून फिरतोय. डोना विचारते, काय झालं. तिलाही माहीत नाही.

त्या रात्री पत्र टेबलावर ठेवून झोपलो. उजाडताना पिल्लं आणायला गेलो. मक्यात पर्ल पडली होती. एकच प्राणी होता, तेता. अंगात तपकिरी जाकीट, आणि जाकीट जिथे संपतं तिथे मानेत गोळी. मी तरी दुसरं पिल्लू शोधत राहिलो. खरंच शोधलं, ओळीओळीने. मग गाडीतला फोन चालू केला. लुमिरचा निरोप होता, "गिल्बर्ट, पर्ल तुझ्या बाजूला आली आहे, बाहेर असशील तर जपून." मी बाहेरच होतो.

त्याच वेळी त्याला फोन लावायला हवा होता. हातात फोनच होता. मनात आलं, म्हातारा म्हणेल, इतकी वर्षं तुझं शेत राखलं त्याचे हे पांग फेडलेस. मनात आलं, गावात सगळे म्हणतील, गिल्बर्ट कुबेनाला कुत्रं आणि डुक्कर ओळखू येत नाही. कुत्रीपेक्षा मला माझ्या नावाची काळजी पडली होती. आणि तेवढ्यात तिच्या गळ्यातला पट्टा दिसला, त्यावरचा दिवा लुकलुकत होता. लुमिर निघाला असेल, आता त्याच्या यंत्रावर दिसेल, एवढंच डोक्यात आलं. मी पट्टा काढला आणि नदीत फेकला. तो बुडाला नाही, पाण्याबरोबर गेला. तिला पेकानच्या झाडाखाली पुरलं, जाकिटासकट. घरी आलो तर तुला लिहिलेलं पत्र डोनाने सकाळीच टपालात टाकलं होतं. येताना वाटेत मी ते फाडायचं ठरवलं होतं.

गोळी चुकून लागली. पट्टा चुकून फेकला नाही.

नंतर लुमिरबरोबर फिरायला लागलो, कारण तू सांगितलंस, आणि नाही म्हणायला कारण नव्हतं. दुर्बीण माझ्या गळ्यात. लुमिर दर थोड्या वेळाने विचारायचा, "काही गरम दिसतं का रे?" मी म्हणायचो, नाही. तेवढं एकच खरं बोलत होतो. एकदा तो पाण्यात उतरला, कंबरेपर्यंत. एका ओंडक्याला काहीतरी अडकलं होतं, त्याला वाटलं जाकीट आहे. ते खताचं पोतं निघालं. मी काठावरून "पर्ल, पर्ल" ओरडत होतो. तो बघत नव्हता तेव्हाही ओरडत होतो. का, ते मला माहीत नाही.

उद्या सकाळी त्याच्याकडे जाणार आहे. गेलो नाही तर हे पत्र टपालात टाकणार नाही.

रविवार

जाऊन आलो. तो कुत्र्यांना खायला घालत होता. मला बघून खूश झाला. म्हणाला, "पिल्लू बघायला आलास ना? मला माहीत होतं, येशील म्हणून."

मी म्हटलं, "लुमिर, पर्ल नदीत नाही."

त्याने बादली खाली ठेवली. "सापडली?"

"माझ्या शेतात आहे. पेकानच्या झाडाखाली. मीच पुरली. मी तिला डुक्कर समजलो."

त्याने कुत्र्यांना मागे सारलं. म्हणाला, "कधी?"

"त्याच रात्री."

"म्हणजे आपण शोधत होतो तेव्हा ती तिथेच होती."

"हो."

"तू तिला हाका मारत होतास."

"हो."

"माझ्यापेक्षा मोठ्याने मारत होतास," तो म्हणाला. मग खोकला आला त्याला, खूप वेळ. मी पाणी आणायला वळलो तर हाताने नको म्हणाला. खोकला थांबल्यावर विचारलं, "आणि पट्टा? तो तर पोहत होता."

मी सांगितलं. त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "गोळीचं मी समजू शकलो असतो, गिल्बर्ट," तो म्हणाला. "वाईट वाटलं असतं, पण समजू शकलो असतो."

माझ्या गाडीत बसला नाही. चालत आला शेतापर्यंत, मी मागे मागे. झाडाखाली उभा राहिला. मी म्हटलं, खणून देतो, तुझ्या घरी ने. "नको," म्हणाला. "तिला पुन्हा उचलाउचल नको. इथेच राहू दे." तसाच चालत परत गेला. पिल्लाचं त्याने काही काढलं नाही, मीही काढलं नाही.

डोनाला सांगितलं. ती रडली, आणि नंतर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच आहे.

दुर्बीण खोक्यात बांधून ठेवली आहे. मेल्विनकडे द्यायला हात होत नाही, तो विचारेल का परत करतोस.

गिल्बर्ट

•

व्हिक्टोरिया, ५ मे

प्रिय गिल्बर्ट,

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मोठ्याने नाही.

काल लुमिर आला होता. कोलाचे आणले होते. तुझं नाव काढलं नाही, मी काढलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "अल्बिना, तुला माहीत होतं का?" मी म्हटलं, ईस्टरपासून. "मग बोलली का नाहीस?" मी म्हटलं, त्याने स्वतः सांगावं म्हणून. तो मान हलवून गेला. पटलं की नाही, कळलं नाही. पुढच्या रविवारी येतो की नाही ते बघायचं.

संध्याकाळी जेवताना मी काठी टेकून उभी राहिले आणि टेबलाला सांगितलं की ती दोन पिल्लं नव्हती, ती एक कुत्री होती, माझ्या मित्राची. अर्ध्यांना ऐकू गेलं नाही. मग मी पुन्हा ओरडून सांगितलं. मिसेस विकने माझा हात धरला. शिकाऱ्याची आत्या म्हणायचं तिने बंद केलं.

आता तू विचारलं होतंस त्याचं उत्तर. दुर्बीण घ्यावी का?

घे.

तू म्हणशील म्हातारीचं डोकं फिरलं. ऐक. महिन्याभरात मका दुधावर येईल आणि डुकरं पुन्हा येतील, तुझी लाज बघून ती काही थांबणार नाहीत. लुमिर आता कुत्री घेऊन येणार नाही, कुठल्या तोंडाने बोलवणार तू त्याला? आणि खोकं बांधून मेल्विनला द्यायचं, डोळ्यांना त्रास होतो म्हणायचं, हे म्हणजे दुसरा पट्टा नदीत फेकणं झालं. मेल्विनलाही सांग काय झालं ते. तो उद्या आणखी कुणाला तरी तीच वापरून बघायला देणार आहे, आणि मोल्टनच्या निम्म्या कुत्र्यांना जाकिटं आहेत.

फक्त उबेची नको. दुसरी घे, करड्या फोटोवाली, कान दिसतात ती. लांबचं दिसत नाही म्हणतोस ना, मग जवळ जा. चिखलात पाय घाल.

आणि माझी अट आहे. शेत माझं आहे, तेव्हा अट घालायचा हक्क मला आहे. रायफल घेऊन दाराबाहेर पाय टाकायच्या आधी लुमिरला फोन करायचा. निरोप ठेवायचा नाही, लिहून पाठवायचं नाही. त्याचा आवाज ऐकायचा आणि त्याला तुझा ऐकू द्यायचा. विचारायचं, "लुमिर, तुझी कुत्री कुठे आहेत?" त्याने फोन उचलला नाही तर रायफल कपाटात आणि तू अंथरुणात. डुकरं मका खातील तर खाऊ देत. माझा मका आहे.

हे तू प्रत्येक वेळी करायचं, माझ्यामागेही.

तेता

•

मोल्टन, २ जून

प्रिय तेता,

दुर्बीण घेतली, तू म्हणालीस ती. मेल्विनला सगळं सांगितलं, दुकानात दोन माणसं उभी होती त्यांच्यासमोर. त्याने उबेची कपाटात ठेवली. दोघांपैकी एकजण म्हणाला, असं होतं कधीकधी. मी म्हटलं, गोळीचं होत असेल.

डुकरं आली आहेत. काठाचा मका आडवा झालाय, कणसं चघळून टाकलेली. मी रोज संध्याकाळी फोन करत होतो. लुमिर उचलत नव्हता. घंटा वाजत राहायची, मला त्याचं स्वयंपाकघर दिसायचं, भिंतीवरचा फोन आणि खाली पडलेली कुत्री. मग रायफल परत कपाटात. डोना बघायची आणि काही बोलायची नाही, पण परवा तिने माझ्यासाठी कॉफी ठेवली होती. एकदा वाटलं होतं, काय फरक पडतो, त्याला थोडंच कळणार आहे मी गेलो की नाही. असं वाटलं याचीच भीती वाटली, आणि लवकर झोपलो.

काल त्याने उचलला.

हॅलो म्हणाला नाही. नुसता खोकला ऐकू आला. मी म्हटलं, "लुमिर, मी गिल्बर्ट. शेतावर निघालोय. तुझी कुत्री कुठे आहेत?"

मागे एक पिल्लू केकाटत होतं. माझ्या मनात आलं, आता हा फोन ठेवणार. मग तो म्हणाला, "टक घरी आहे." आवाज जरा लांब गेला, वळून बघत असावा. "जूनी घरी आहे. म्हातारा सार्ज पायाशी पडलाय. पिल्लं खोक्यात आहेत."

मी म्हटलं, "बरं."

"आणि पर्ल तुझ्याकडे आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, माझ्याकडे आहे.

तुझा,
गिल्बर्ट